चिनी पद्धतीचा शरद: आधी जीभ बघा, मग नासपतीचं सूप चढवा

ऑगस्ट लागला की नासपती आणि पांढऱ्या अळंबीच्या चिनी सूपचे व्हिडिओ फिरायला लागतात. लोक सामान मागवतात, पातेलंभर सूप करतात, आठवडाभर पितात. मग कुणाचं पोट जड होतं, कुणाला जुलाब होतात, कुणाचा खोकला होता तिथेच राहतो. सूप करायला सोपं आहे. गडबड होते ती ते कुणी, कधी आणि कशानंतर घ्यायचं यात. म्हणून हा लेख पाककृतीपेक्षा क्रमाबद्दल जास्त आहे.

क्रम समजण्यापुरती पार्श्वभूमी एवढीच: चिनी वैद्यकात शरदाचा मुख्य त्रास कोरडेपणाचा मानतात आणि तो फुफ्फुसांना लागतो असं समजतात. फुफ्फुसांची जोडी मोठ्या आतड्याशी लावलेली आहे. त्यामुळे नाक, घसा, त्वचा आणि शौच या चारही गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. दुसरीकडे अन्न पचवून त्यातलं पाणी शरीरभर पोचवण्याचं काम ‘फी’ (शब्दशः प्लीहा) या यंत्रणेकडे असतं आणि तिला ओल सोसत नाही. उन्हाळ्यातली दमट ओल अजून अंगात असताना वरून बुळबुळीत, गोड, ‘ओलावा देणारं’ खाणं घातलं की ही यंत्रणा बसते. म्हणून आधी ओल काढायची, मग ओलावा द्यायचा आणि सगळ्यात शेवटी पौष्टिक खाणं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

ही चिनी वैद्यकाची मांडणी आहे. ऋतुबदलाच्या किरकोळ कुरबुरींसाठी ती वापरून बघायला हरकत नाही. ताप, धाप, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त यांतलं काहीही असेल तर सूप बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. भारतात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यासाठी क्षयाची तपासणी करून घ्यायची असते. ‘कोरडा खोकला आहे, ऋतूचा आहे’ म्हणत महिना काढू नये.

## सुरुवातीआधी: कुणी थांबायचं

मधुमेह असेल तर सूपात खडीसाखर घालू नका. नासपतीचीही साखर मोजावी लागते.

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर सूपात घालतात ती गोजी, म्हणजे वाळवलेली छोटी लाल फळं, टाळा. गोजीमुळे या औषधाचा परिणाम वाढल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत.

रक्तदाब असेल तर ज्येष्ठमध असलेले तयार ‘घशाचे चहा’ रोज पिऊ नका. चिनी मिश्रणांत ज्येष्ठमध सर्रास असतं, पाकिटामागची यादी वाचा.

गरोदरपणी हातावरचा हेगू हा दाबबिंदू (टप्पा ५ मध्ये येतो) दाबायचा नाही आणि यीरेन हे धान्यही टाळायचं.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, सूपातूनही नाही.

## टप्पा १: पंचांग बघा, पण त्यावर विसंबू नका

चिनी पंचांगात शरदाचे सहा भाग आहेत. ७-८ ऑगस्टला लीछ्यू म्हणजे शरदाची सुरुवात. मग २३ ऑगस्टच्या सुमारास छुशू, ७-८ सप्टेंबरला बाइलू, २३ सप्टेंबरच्या सुमारास छ्यूफन, ८-९ ऑक्टोबरला हानलू आणि २३-२४ ऑक्टोबरला श्वांगज्यांग. ७-८ नोव्हेंबरला लीदोंग, तिथे हिवाळा लागतो.

पहिली चूक इथेच होते. लीछ्यू आला म्हणजे हवा कोरडी झाली असं नाही. शांघायमध्ये ऑगस्टअखेरपर्यंत घाम निथळत असतो आणि उत्तरार्धातल्या त्या उकाड्याला चिनी लोक ‘शरदातला वाघ’ म्हणतात. खरा कोरडेपणा बहुतेक ठिकाणी बाइलूनंतर जाणवू लागतो. तोही दोन प्रकारचा असतो. छ्यूफनच्या आसपासपर्यंत उष्ण कोरडेपणा: तहान लागते, घसा जळजळतो, कफ थोडा आणि चिकट. हानलूनंतर थंड कोरडेपणा: अंगाला गारठा लागतो, नाक चोंदतं, घसा खाजतो, पण तहान फारशी नसते. दोघांना एकच सूप देऊन चालत नाही. टप्पा ४ मध्ये ते वेगळं केलं आहे.

महाराष्ट्रात बसून हे करणाऱ्यांनी तारखा सोडूनच द्याव्यात. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस असतो, म्हणजे चिनी भाषेत बोलायचं तर ओलच ओल. पाऊस परतल्यावरची ऑक्टोबर हीट पुण्या-नागपूरकडे उष्ण कोरडेपणाच्या वर्णनाशी बऱ्यापैकी जुळते. मुंबई, कोकण, गोवा इथे तेव्हाही दमटपणा असतो, तिथे सूपाची घाई नको. सिंगापूरमधल्या मराठी घरांत तर शरदच नाही. तिथली चिनी दुकानं या दिवसांत शरदाचं सामान मांडतात म्हणून ते आणायला हवंच असं नाही.

तपासणी: सकाळी उठल्यावर ओठ ताणले जातात का? नडगीवर नखाने हलकी रेघ ओढली की पांढरी उमटते का? शौच कडक झालं आहे का? तिन्हींपैकी दोन ‘हो’ असतील तर कोरडेपणा तुमच्यापर्यंत पोचला आहे.

## टप्पा २: जीभ बघा

चिनी वैद्य नाडीआधी किंवा नाडीसोबत जीभ बघतो. घरी बारकावे कळणार नाहीत, पण ओल आहे की कोरडेपणा एवढं नक्की कळतं.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात उभं राहा. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक जीभ पिवळीच दिसते. उठल्या उठल्या, चहाच्या आधी बघा. आणि मराठी घरांतली नेहमीची चूक: आधी जीभ खरवडू नका. बघायचा असतो तो वरचा थर, आणि आपण तो जिभलीने काढून टाकून मग आरशापुढे जातो. आदल्या रात्री विडा, हळदीचं दूध किंवा कॉफी झाली असेल तर त्या दिवशीचं निरीक्षण धरू नका. जीभ ताण न देता बाहेर काढा आणि चटकन बघून आत घ्या. बराच वेळ बाहेर ठेवली की तिचा रंग बदलतो.

थर जाड, पांढरा किंवा पिवळट, चिकट साय धरल्यासारखा असेल आणि जिभेच्या कडांवर दातांचे ठसे असतील, तर अजून ओल आहे. टप्पा ३ करा. जीभ लालसर, थर पातळ किंवा जवळपास नाहीसा, मध्ये बारीक भेगा असतील, तर थेट टप्पा ४ कडे जा. थर पातळ पांढरा आणि जीभ गुलाबी असेल तर तुम्ही ठीक आहात. फळं खा, वेळेवर झोपा. प्रत्येकाला सूप लागतंच असं नाही, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.

तीन सकाळी सलग बघून मगच ठरवा.

## टप्पा ३: ओल काढणं (एक ते दोन आठवडे)

हा टप्पा कुणालाच आवडत नाही, कारण यात खाण्याची मजा नाही. पण तो गाळला की पुढचं सगळं पोटात साचतं.

१. कच्चं आणि फ्रिजमधलं थंड बंद. तळकट आणि खव्याचं गोड कमी.

२. कोहळा आणा. चिनी स्वयंपाकात ओल काढायला हीच भाजी वापरतात. साल स्वच्छ घासून धुवा, काढू नका. सालीसकट मोठे तुकडे, दोन-तीन चकत्या आलं, चवीपुरतं मीठ आणि बेताचं पाणी घालून अर्धा तास उकळा. साल खायची नाही, पाणी प्यायचं.

३. रात्रीच्या जेवणाला पेज. तांदूळ १ वाटी, पाणी १० वाट्या, मंद आच, दाणा फुटेपर्यंत. चीनमध्ये यात यीरेन घालतात. मोत्यासारखं दिसणारं हे धान्य कच्चं ‘थंड’ समजलं जातं, म्हणून पोट नाजूक असेल तर ते कोरडंच मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून मग शिजवतात. ते मिळालं नाही तर नुसती तांदळाची पेज चालेल. त्यासाठी महागडं पाकीट मागवू नका.

इशारा: लीछ्यूच्या दिवशी उत्तर चीनमध्ये ‘शरदाची चरबी चढवायची’ म्हणून मांसाची मेजवानी असते. सण म्हणून एक दिवस जेवा. तिथून पुढे रोज मटणाचा रस्सा आणि सुकामेवा सुरू केलात, तर ओलीवर आणखी ओल.

पुढे जायची खूण: जिभेचा थर पातळ झाला, जेवल्यावर येणारी गुंगी कमी झाली, शौच चिकट राहिलं नाही.

## टप्पा ४: नासपती आणि यिन-अरचं सूप

यिन-अर ही शुभ्र, झालरीसारखी, वाळवून विकली जाणारी अळंबी. व्हाइट फंगस किंवा स्नो फंगस या नावाने मिळते.

### खरेदी

पांढरीशुभ्र घेऊ नका. चांगली वाळलेली यिन-अर किंचित पिवळसर, मलईच्या रंगाची असते. फार पांढरी असेल आणि पाकीट उघडताच नाकाला झोंबणारा आंबूस वास आला, तर तिला गंधकाचा धूर दिलेला असण्याची शक्यता आहे. नासपती कडक, रसाळ जातीची हवी. बाबूगोशासारखी मऊ पडणारी जात शिजताना विरघळते. चालते, फक्त ती अगदी शेवटी घालावी लागते.

सोबत लागणारी लाल वाळकी फळं म्हणजे आपल्या बोराच्या जातकुळीतली चिनी बोरं. ‘रेड डेट’ वाचून खजूर घातला की सूप पाकासारखं गोड होतं. बाय-ह म्हणजे लिलीच्या कंदाच्या पाकळ्या, त्या खाण्याच्या म्हणून विकलेल्याच घ्या. कुंडीतल्या शोभेच्या लिलीचा कंद उकरून घालणारे लोक आहेत. तसं करू नका.

जर्दाळूच्या बियांबाबत जास्त सावध राहा. चिनी दुकानात त्या दोन प्रकारच्या असतात: दक्षिणेकडची गोड आणि उत्तरेकडची कडू. कडूमधून शरीरात सायनाइड तयार होतं. वैद्य ती मोजून, शिजवून देतो. घरी गोडच वापरा आणि मुलांच्या हाती कुठलीच देऊ नका.

### भिजवणं: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

चार जणांसाठी १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मध्यम आकाराचं एक फूल. गार, स्वच्छ पाण्यात एक ते दोन तास भिजवा. ते कितीतरी पटींनी फुगतं, मोठं भांडं घ्या.

रात्रभर भिजवू नका. डाळी-कडधान्यांच्या सवयीने आपल्याकडून नेमकं हेच होतं. अळंबी बराच वेळ, विशेषतः उबदार हवेत, पाण्यात राहिली की तिच्यात एक जिवाणू वाढू शकतो आणि तो बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करतो. उकळल्याने हे विष जात नाही. त्याला खास उतारा नाही. चवीने किंवा वासाने ते ओळखताही येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनच्या हेइलोंगज्यांग प्रांतात घरच्या आंबवलेल्या मक्याच्या शेवया खाऊन ९ जण दगावले, ते याच विषाने. चीनमधल्या आरोग्य यंत्रणा भिजवलेल्या अळंबीबद्दल वारंवार सूचना देतात, त्याचं कारण हेच.

भिजवलेली अळंबी चिकट, गळकी झाली, तिला वास आला किंवा ती पाण्यात विसरली गेली, तर टाकून द्या. ‘धुऊन घेतली की चालेल’ हा विचार इथे नको.

### शिजवणं

१. फूल उलटं करा. बुडाशी पिवळा, टणक गड्डा असतो, तो कात्रीने कापून टाका. तो कधीच मऊ होत नाही.

२. उरलेलं नखाएवढ्या तुकड्यांत फाडा. मोठे तुकडे ठेवलेत तर सूप पाणीदार राहतं आणि अळंबी कुरकुरीत. बारीक फाडलं की पाण्याला दाटपणा येतो.

३. दीड लिटर पाण्यात घालून उकळी आणा, मग आच अगदी मंद. एक ते दीड तास. अधूनमधून ढवळा, तळाला लागतं. घाई असेल तर कुकर, शिट्टीनंतर मंद आचेवर २०-२५ मिनिटं.

४. कालथ्यावरून सोडलेला थेंब लगेच पडत नाही, जरा लोंबतो, म्हणजे अळंबी तयार. हे दिसेपर्यंत बाकी काही घालू नका.

५. आता नासपतीचे तुकडे, बाय-ह आणि बिया काढलेली चार-पाच चिनी बोरं. नासपतीची साल ठेवली तरी चालते. २० मिनिटं.

६. खडीसाखर आता, बेताने. आधीपासून घातली तर दाटपणा नीट येत नाही आणि गोडीचा अंदाजही चुकतो.

७. गोजी चमचाभर, शेवटची पाच मिनिटं. जास्त शिजली की आंबट होते आणि सगळं सूप तांबूस करते.

कोमट असताना वाटीभर, दुपारी चार-पाचच्या सुमारास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्या. आठवड्यातून तीन-चारदा पुरे. उरलेलं गार होताच फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. ओट्यावर रात्रभर राहिलेलं टाकून द्या.

### थंड कोरडेपणा असेल तर

हानलूनंतर, गारठा लागून खोकला आलेला असताना हे सूप जसंच्या तसं प्यायलं की खोकला वाढल्याची तक्रार हमखास येते. चिनी वैद्यकात नासपती ‘थंड’ गुणाची आहे. अशा वेळी नासपती अर्धी करा, तीही शिजवूनच घ्या, आणि सुरुवातीपासून आल्याच्या चार-पाच चकत्या व वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा एक तुकडा घाला. कफ पांढरा, पातळ आणि भरपूर असेल तर नासपती आणि यिन-अर दोन्ही बंद. तुम्हाला ओलाव्याची गरज नाही.

चिनी औषधांची तयार पुडकीही या दोन प्रकारांसाठी वेगळी असतात. उष्ण कोरडेपणाला तुतीच्या पानांवर आधारलेली, थंड कोरडेपणाला शिसो या तुळशीच्या कुळातल्या झाडाच्या पानांवर आधारलेली. ती मनाने घेऊ नका. चीनमध्ये राहत असाल तर पारंपरिक वैद्यकाची सरकारी रुग्णालयं आहेत, तिथे जीभ-नाडी दाखवून घ्या.

## टप्पा ५: कपडे, झोप, बिंदू

‘वसंतात गुंडाळा, शरदात गारठू द्या’ अशी चिनी म्हण आहे. म्हणजे थंडी सुरू होताच स्वेटर चढवू नका, शरीराला सवय होऊ द्या. ही सूट निरोगी, हिंडत्याफिरत्या माणसाला आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी, हृदयरोगी आणि संधिवातवाले यांना नाही. निरोगी माणसानेही पोट, मान आणि पाऊल झाकायचं असतं. दुसरी म्हण ‘बाइलूनंतर अंग उघडं नको’ अशी आहे. दोन्ही एकत्र वाचल्या तर अर्थ लागतो: दंड उघडे राहिले तर चालेल, पावलं नाहीत. श्वांगज्यांगनंतर ही गारठण्याची हौस पुरे करा.

झोपेबद्दल जुना नियम आहे: लवकर निजा आणि कोंबड्याबरोबर उठा.

रात्री पाय शेकणं चांगलं, पण लोक पाणी फार गरम घेतात. ४० अंशांच्या आसपास, घोट्याच्या वरपर्यंत, १५-२० मिनिटं. कपाळावर किंचित दमटपणा आला की थांबा. घाम गाळणं हा हेतू नाही, कोरड्या ऋतूत तर मुळीच नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील तर पाण्याची उष्णता दुसऱ्याने बघावी. ठळक शिरा फुगलेल्या असतील तर हे करूच नका.

सकाळी नाक कोरडं किंवा चोंदलेलं वाटलं तर यिंगशियांग: नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला, गालाची घडी सुरू होते तिथे दोन्ही बाजूंना तर्जनीने मिनिटभर चोळा, ऊब जाणवेपर्यंत. हेगू बिंदू अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात असतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबा, सौम्य दुखरेपणा जाणवला की जागा बरोबर. गरोदर स्त्रियांनी नाही, हे पुन्हा सांगतो.

## टप्पा ६: पौष्टिक खाणं, आता

श्वांगज्यांगच्या सुमारास, जीभ स्वच्छ आणि भूक खणखणीत असेल तर. शान-याओ हा आपल्या कोनफळाच्या कुळातला लांबट कंद, सोलताना हाताला खाज आणतो, हातमोजे घाला. तो पेजेत किंवा मटणाच्या रश्श्यात जातो. सोबत कमळकाकडी, काळे तीळ, अक्रोड. एका वेळी एकच जड पदार्थ वाढवा, सगळे एकदम नकोत. जिनसेंग घेणाऱ्यांना पांढरा मुळा त्याच दिवशी टाळायला सांगतात, कारण मुळा त्याचा गुण उतरवतो अशी समजूत आहे.

याच दिवसांत शांघायकडे केसाळ खेकड्यांचा हंगाम असतो. ते ‘थंड’ मानले जातात म्हणून सोबत बारीक चिरलेलं आलं, काळा व्हिनेगर आणि गरम तांदळाची दारू असते. आलं न घेता चार खेकडे संपवून रात्री पोट धरून बसणारे पाहुणे दरवर्षी असतात. पर्सिमन हे फळ रिकाम्या पोटी खाऊ नका, विशेषतः कच्चट असेल तर. त्यातल्या तुरट द्रव्याने पोटात घट्ट गोळा होऊ शकतो.

## थांबायचं कधी

शौच सैल झालं, जिभेवर पुन्हा जाड थर आला किंवा भूक मेली, तर सूप त्या दिवशीच बंद करा आणि दोन-तीन दिवस पेजेवर या. दोन आठवड्यांत कोरडेपणात काहीच फरक नसेल, तर प्रमाण वाढवू नका. घरातली हवा बघा: एसी रात्रभर चालतो का, पंख्याचा झोत थेट तोंडावर आहे का.

बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबरला शहराची मध्यवर्ती उष्णता सुरू होते आणि घरं आतून खडखडीत कोरडी होतात. तेव्हा सूपापेक्षा रेडिएटरवर टाकलेला ओला टॉवेल जास्त कामी येतो. तो रोज धुवा, नाहीतर त्यावर बुरशी धरते.